उपवासाला काय खाल्लंत?

दत्तगुरूंवर मी रीतसर रागवले होते, ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. देवावर रागवायचं तर निवांतपणा लागतो, आणि डायलिसिसच्या खाटेसारखा निवांतपणा संसारी बाईला दुसरीकडे कुठे मिळायचा? डाव्या हातात दोन जाड सुया, एका नळीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत, उठायचं नाही, वळायचं नाही. अशा वेळी मी छताकडे बघत पर्समधल्या दत्ताच्या तसबिरीशी मनातल्या मनात भांडत असे. माझं म्हणणं साधं होतं. मी लग्नाआधीपासून गुरुवार करते. आजारपणातही एक गुरुवार चुकवला नाही. आणि तरीही प्रत्येक गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी माझं रक्त तपासलं की ते बिघडलेलं निघायचं. मंगळवारी ठीक असायचं, शुक्रवारी वाईट. म्हणजे ज्या दिवशी देवाचं करावं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी देवानं पाठ फिरवावी? हा कुठला न्याय?

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. यांची नोकरी रेल्वेच्या संशोधन खात्यात, म्हणून मानक नगरच्या वसाहतीत येऊन राहिलो. लखनौ तसं आम्हाला मानवलं होतं. थंडी सोसवत नव्हती, पण आंबे सोसवत होते. मग रक्तदाब वाढला, पाय सुजले, आणि एका हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडांनी काम थांबवलं आहे. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, यंत्रानं रक्त धुऊन घ्यायचं आणि पथ्य पाळायचं. पाणी मोजून, मीठ नावाला, आणि पोटॅशियम नावाचा एक क्षार असतो तो फार कमी. तो निरोगी माणसाच्या लघवीवाटे निघून जातो. आमच्यासारख्यांच्या रक्तात साचतो, आणि फार साचला की हृदय चालता चालता थांबतं. डॉक्टरांनी हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की आधी मला ते कौतुकच वाटलं.

इस्पितळाच्या डायलिसिस विभागात यंत्रं थोडी आणि माणसं फार. खिडकीजवळच्या, पंख्याखालच्या यंत्रावर सकाळचा पहिला नंबर माझा, आणि माझ्यानंतर त्याच यंत्रावर नफीसा आपांचा. आपा जुन्या लखनौतल्या चौक भागातल्या. साठी उलटलेल्या, चणीनं एवढ्याशा, तोंडात एकही दात नाही. आयुष्यभर चिकनचं भरतकाम केलेलं. त्यांना 'सकाळीच येऊन बसा, मध्येच जागा झाली तर घेऊ' असं सांगितलेलं असायचं. त्या यायच्या, माझ्या खाटेशेजारच्या बाकावर बसायच्या, पिशवीतून ओढणी काढून पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्यानं फुलं काढत राहायच्या, आणि मध्येच जागा कधीही व्हायची नाही. कोणाची तरी चिठ्ठी यायची, कोणाचा तरी फोन यायचा, आणि नवा माणूस त्यांच्या पुढे जायचा. 'पहले आप' म्हणणारं शहर म्हणून लखनौची एवढी ख्याती, पण डायलिसिसच्या यंत्रापुढे मी ते दोन शब्द कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते. संध्याकाळ व्हायला आली की आपांना यंत्र मिळायचं.

आमच्या दोघींचे रक्ताचे रिपोर्ट एकदमच यायचे, आणि तिथे खरी मौज असायची. डॉक्टर तरुण होते, कामाला वाघ, मनानं चांगले, फक्त कोण माणूस कसा असणार हे त्यांना माणूस बघायच्या आधीच ठाऊक असायचं. आपांचं पोटॅशियम वाढलेलं दिसलं की ते कपाळावर हात मारायचे.

"आपा, फिर वही! क्या खाया था? कबाब?"

"ऐ डॉक्टर साहब, कबाब कैसे खाऊँगी, मुँह में दाँत कहाँ हैं?"

"गलावटी के लिए दाँत नहीं लगते!"

यावर आपा सुईत दोरा ओवायला घ्यायच्या, कारण गलावटी कबाब जिभेवर विरघळतो ही गोष्ट लखनौमध्ये कोणीच नाकारू शकत नाही. मग डॉक्टर एकेका पदार्थाचं नाव घेऊन त्यांना झापायचे. केळं नाही, बटाटा नाही, डाळ नाही, सुका मेवा नाही, मोसंबी नाही, नारळपाणी नाही. शेवटी माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणायचे, "ये लोग परहेज़ नहीं करते, मैडम." हळू म्हणजे किती, तर आपांना नीट ऐकू जाईल इतकं. त्यानंतर ते माझा रिपोर्ट उचलायचे. त्यात आकडा आपांच्याइतकाच, कधी थोडा वरच. तो बघून ते विचारात पडायचे आणि म्हणायचे, "सैम्पल ख़राब आ गया होगा." आणि लगेच माझं रक्त पुन्हा घ्यायचे. पुन्हा तोच आकडा आला की प्रयोगशाळेवर रागवायचे. मला मात्र कधी एका शब्दानं विचारलं नाही की बाई, तुम्ही काल काय खाल्लंत?

का विचारतील? मी शाकाहारी, मराठी, सरकारी अधिकाऱ्याची बायको, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यात एकदा त्यांनी सहज चौकशी केली तेव्हा मी सांगून बसले होते, "गुरुवार को मेरा उपवास रहता है." त्या एका शब्दानं सगळा घोळ केला, हे मला फार उशिरा कळलं. त्यांच्याकडे फळं, बटाटे खाऊन करायचं ते व्रत. उपवास म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे आला तो हिमालयात बसलेला कोणीतरी ऋषी. त्यांनी आदरानं विचारलं, "पानी भी नहीं?" मी म्हटलं, "पानी तो बहुत थोड़ा," आणि ते खरंच होतं, कारण पाणी मला त्यांनीच तोडलं होतं. डॉक्टर भारावले. नर्सला, तंत्रज्ञाला, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले की पेशंट असावा तर असा, महाराष्ट्राच्या लोकांत केवढी शिस्त असते बघा. मला संकोच झाला. पण फार नाही.

आता मराठी वाचकांना सांगायला नको की आमच्या घरी गुरुवारी काय काय शिजायचं. साबुदाण्याची खिचडी, तिच्यात दाण्याचं कूट सढळ हातानं, कारण कूट कमी पडलं तर खिचडी चिकट होते. शेजारी बटाट्याची भाजी. दुपारी रताळ्याचा कीस, वर ओलं खोबरं. संध्याकाळी केळ्याचं शिकरण, आणि मधे तोंडात टाकायला खजूर. एरवी मी पथ्याची इतकी पक्की होते की भाजी चिरून, भिजत घालून, ते पाणी ओतून मगच शिजवायची. यांना जेवताना डाळ वाढली तर स्वतःच्या ताटाकडे तिचा थेंब येऊ द्यायची नाही. पण पथ्य म्हणजे जेवणाचं पथ्य, अशी माझी पक्की समजूत. गुरुवारी मी जेवत कुठे होते? गुरुवारी माझा उपवास होता! जे देवासाठी खाल्लं ते पोटात जातं आणि पोटातून रक्तात जातं, हा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. मी इतिहासाची पदवीधर आहे, हे इथे सांगून टाकते, म्हणजे दोष अडाणीपणावर जाणार नाही.

शुक्रवारचे रिपोर्ट काही सुधरेनात तेव्हा मी साताऱ्याला ताईला एसटीडी बूथवरून फोन लावला. ताई आमच्या घरातली धर्मखात्याची मंत्री. तिनं सगळं ऐकून निर्णय दिला की सेवा कुठेतरी कमी पडते आहे. "गुरुवारला जोडून सोमवार धर. महादेव लवकर पावतो." मी सोमवार धरला. झालं, आता मंगळवारचेही रिपोर्ट बिघडले! डॉक्टर म्हणाले, प्रयोगशाळा बदलतो. ताई म्हणाली, एकादशीही धर. हे एवढंच म्हणाले की अगं, तुझी तब्येत बघून उपवास कमी करावेत असं मला वाटतं. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून स्कूटर पुसायला गेले. खरं सांगते, मी आतून घाबरले होते. पाय जड व्हायचे, जिन्याच्या मधोमध दम लागायचा, छातीत कधी काहीतरी चुकल्यासारखं व्हायचं. मला मरायचं नव्हतं. मुलीचं लग्न व्हायचं होतं, यांना साधा चहा धड करता येत नव्हता. आणि ज्याच्या भरवशावर जगायचं, त्याच्या दारात मी जितकी जास्त डोकं टेकवत होते तितकी माझी तब्येत ढासळत होती.

त्यातच एक गुरुवार असा आला की त्याच दिवशी एकादशी. दुहेरी योग. त्या दिवशी मी सगळं साग्रसंगीत केलं, वर राजगिऱ्याचे लाडूही केले. संध्याकाळी आरती झाल्यावर तसबिरीसमोर बसले आणि रडू फुटलं. म्हटलं, महाराज, आता माझ्याकडे करायला काही उरलं नाही. वार संपले, तिथी संपल्या. माझं कुठे चुकतं आहे तेवढं मला स्पष्ट शब्दांत सांगा. आडून सुचवू नका, मला कळत नाही. एवढं मागून मी शिकरणाची वाटी संपवली आणि झोपले.

शुक्रवारी सकाळी उठले तर पायांत जीव नाही. पाय होते, पण माझे नव्हते. यांनी कसंबसं रिक्षात घातलं. चारबाग स्टेशनापाशी नेमकी सगळी वाहतूक तुंबलेली, दोन टांगे एकमेकांत अडकलेले आणि दोन्ही टांगेवाले अतिशय अदबीनं एकमेकांचा उद्धार करत होते. इस्पितळात पोचेपर्यंत माझी वेळ टळून गेली होती. पंख्याखालच्या यंत्रावर, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, सकाळच्या वेळी आपा झोपल्या होत्या. मी आले नाही आणि त्या दिवशी नेमकी कोणाची चिठ्ठीही आली नाही, म्हणून त्यांचं नशीब उघडलं होतं. दंड पुढे केलेला, सुई टोचायचीच बाकी. चेहऱ्यावर असा आनंद की जणू लखनौची नवाबी त्यांना परत मिळाली.

मला बाकावर बसवलं. डॉक्टर घाईत येऊन बघून गेले. "कल उपवास था न? कमज़ोरी है. मैडम, आप शरीर को बहुत कष्ट देती हैं. रिपोर्ट आने दीजिए, फिर देखते हैं." ते दुसऱ्या पेशंटकडे वळले. तंत्रज्ञ यांना म्हणाला, "भाई साहब, नीचे से मोसंबी का जूस पिला दीजिए, ताकत आ जाएगी." हे बिचारे जिन्याकडे धावले. मी डोळे मिटले. छातीत एक ठोका पडायचा, मग बराच वेळ काही नाही, मग दोन एकदम. पर्समधल्या तसबिरीवर हात ठेवला आणि मनात म्हटलं, तुम्ही काही सांगितलं नाहीत, महाराज.

तेवढ्यात खाटेवरून आपांचा आवाज आला.

"बहन, कल खाया क्या था?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला कोणी पहिल्यांदा विचारत होतं. आणि मी, त्या अवस्थेतही, थोड्या अभिमानानं उत्तर दिलं. "कुछ नहीं आपा, उपवास था. बस साबुदाना, मूँगफली का कूट, आलू, शकरकंद, नारियल, केला... और दो-चार खजूर. लड्डू भी एकाध."

आपा खाटेवर ताडकन उठून बसल्या.

"या अल्लाह! बहन, ये रोज़ा था कि वलीमा?"

वलीमा म्हणजे लग्नानंतरची मेजवानी, एवढं मला लखनौत राहून ठाऊक होतं. पण रागवायलाही त्राण नव्हतं. आपांनी मात्र सगळा विभाग डोक्यावर घेतला. मी सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थाबद्दल त्यांनी आजवर इथेच शिव्या खाल्ल्या होत्या. त्यातला एकही त्यांनी स्वतः खाल्लेला नव्हता, पण शिव्यांमुळे सगळे तोंडपाठ झाले होते. "डॉक्टर साहब! केला! आलू! खजूर! सब का सब खा के आई हैं, जो जो आप मुझे गिनाते हैं!" हे नेमके तेव्हाच जूसचा पेला घेऊन आत आले. आपा ओरडल्या, "ऐ भाई साहब, फेंकिए उसे! बीवी प्यारी है कि नहीं?" यांनी घाबरून तो पेला स्वतःच पिऊन टाकला. यांचा स्वभावच तसा, वाया काही घालवायचं नाही.

डॉक्टर आले, माझ्या छातीला तारा लावून कार्डिओग्राम काढला, आणि कागद बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. मग जी धावपळ झाली ती मला तुकड्यातुकड्यांनीच आठवते. शिरेत इंजेक्शन दिलं. कोणीतरी म्हणालं, यंत्र ताबडतोब हवं. सगळी यंत्रं चालू होती, मोकळं एकच, आपांचं. तंत्रज्ञ आपांना उठवायला पुढे झाला. "चलिए आपा, उठिए, आप बाद में." नेहमीचेच शब्द, नेहमीच्याच सुरात.

आपांनी त्याचा हात बाजूला केला. "हाथ मत लगाइए. रोज़ मुझसे छीनते हैं, आज मैं ख़ुद दे रही हूँ. देने का मज़ा तो लेने दीजिए." त्या स्वतः पाय खाली सोडून उतरल्या, चादर हातानं साफ केली, मला दंडाला धरून आणलं आणि म्हणाल्या, "आइए बहन. पहले आप."

माझ्या डोळ्यांना धार लागली, ती सुईमुळे आहे असं नर्सला वाटलं.

रक्त धुतलं गेलं तसतसा ठोका जागेवर आला. पायात मुंग्या आल्या, मग पाय माझे झाले. शेजारच्या बाकावर आपा पांढऱ्यावर पांढरं फूल काढत बसल्या होत्या, जणू काही झालंच नाही. मी तसबीर बाहेर काढून बघत राहिले. आदल्या संध्याकाळी मी मागणं मागितलं होतं की माझं चुकतं कुठे ते स्पष्ट शब्दांत सांगा. तीन मुखं असलेल्या माझ्या देवाला त्यासाठी चौथं मुख वापरावं लागलं, आणि त्यात एकही दात नव्हता. चमत्कार म्हणायचा का, ते मला ठाऊक नाही, आणि त्यावर मी कोणाशी वाद घालणार नाही. मी उशिरा पोचले, म्हणून त्या खाटेवर होत्या. त्या खाटेवर होत्या, म्हणून द्यायला त्यांच्याकडे काहीतरी होतं. चारबागच्या त्या दोन टांगेवाल्यांचेही मी मनातून पाय धरले.

संध्याकाळी डॉक्टर माझ्या खाटेशी येऊन उभे राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि जमत नव्हतं. शेवटी म्हणाले, "मैडम, मुझे पूछना चाहिए था." मी म्हटलं, "हाँ." एरवी मी 'असू द्या हो' म्हटलं असतं, पण त्या दिवशी नाही म्हटलं. त्यांनी मला फार मान दिला होता, आणि त्या मानाखाली मी मरायला टेकले होते. आपांना त्यांनी अजिबात मान दिला नव्हता. मग आपांचं पोटॅशियम का वाढायचं? मी तेही विचारलं, कारण आता मला धीर आला होता. उत्तर आपांनीच दिलं, आजवर तेही त्यांना कोणी विचारलं नव्हतं. आपांचा नंबर शेवटी लागायचा, आणि तंत्रज्ञाला घरी जायचं असायचं. म्हणून त्यांचं यंत्र वेळेआधीच बंद व्हायचं. रक्त अर्धवट धुतलं जायचं, आणि उरलेल्या मळाचं नाव कबाब.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी सोडल्या. एक उपवास. मराठीत 'उपवास सोडला' म्हणजे पारणं केलं, आणि हिंदीत 'छोड़ दिया' म्हणजे कायमचा सोडून दिला. मी लखनौकर असल्यामुळे हिंदी अर्थ घेतला. ताईला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिनं मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "मग गुरुवारी करतेस काय?" मी म्हटलं, "जेवते. भात आणि दुधीची बेचव भाजी, मिठाशिवाय. हे खाऊन बघ, मग सांग तपश्चर्या कशात आहे."

दुसरी गोष्ट सोडली ती पहिला नंबर. एकदा आधी मी, एकदा आधी आपा, असं आम्ही दोघींनी ठरवलं आणि डॉक्टरांनी मानलं. माझा नंबर शेवटचा असला की हे यंत्राशेजारी घड्याळ घेऊन उभे राहायचे. रेल्वेच्या गाड्या वेळेवर धावोत न धावोत, रेल्वेच्या माणसाचं घड्याळ चुकत नाही. यांच्यासमोर यंत्र लवकर बंद करायची तंत्रज्ञाची छाती झाली नाही, आणि पुढे हळूहळू त्याची सवयच मोडली. आपांचं पोटॅशियम खाली आलं. माझंही आलं. रमज़ानमध्ये आपा हिरमुसल्या होत्या, कारण मौलवींनी सांगितलं होतं की आजारी माणसाला रोज़े माफ आहेत. मी त्यांना म्हटलं, "आपा, हम दोनों को ऊपर से छुट्टी मिली है." त्यावर त्या म्हणाल्या, "बहन, मुझे रोज़े से मिली है. आपको तो दावत से मिली है."

मग आंब्यांचे दिवस आले. यांच्या एका सहकाऱ्याची मलिहाबादला बाग, तिथून दशहरीची करंडी आली. सगळं घर दरवळलं. पोटॅशियमच्या दृष्टीनं आंबा म्हणजे आम्हाला साक्षात यम. मी करंडीला हात लावला नाही. पण एका शुक्रवारी एक आंबा पर्समध्ये घालून नेला, दत्ताच्या तसबिरीशेजारी, नुसता वास घ्यायला म्हणून. आपांनी वास घेतला. मी वास घेतला. रक्त तपासणीला द्यायला अजून अवकाश होता. आपांनी पिशवीतली दोरा कापायची छोटी कात्री काढली आणि माझ्याकडे बघितलं. पुढचं सविस्तर सांगत नाही. एक एक लहानशी फोड, बस. दात नसलेलं माणूस इतक्या चटकन आंबा खाऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं. कोय यांना दिली.

दुपारी डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. आकडे दोघींचे थोडेसे चढलेले, त्या फोडीमुळे की कशामुळे देव जाणे. त्यांनी आधी आपांचा कागद पाहिला, तोंड उघडलं, आणि मिटलं. मग माझा पाहिला आणि जुन्या सवयीनं म्हणू लागले, "मैडम, शायद सैम्पल..."

"डॉक्टर साहब," बाकावरून आपा म्हणाल्या, "पहले पूछिए तो सही."

डॉक्टरांनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. हवेत दशहरीचा वास होता, आणि आपांच्या हनुवटीवर पिवळा थेंब होता.

"क्या खाया था? दोनों ने?"

आम्ही दोघींनी माना खाली घातल्या. आणि मग ते असे कडाडले की पलीकडच्या खोलीतली माणसं डोकावायला आली. अक्कल आहे का, इतकं होऊन शिकला नाहीत का, जीव नकोसा झालाय का, या वयाला शोभतं का! एका श्वासात आपांना, दुसऱ्या श्वासात मला, एकाच आवाजात, एकाच मापानं. इतका जबरदस्त ओरडा मी शाळेनंतर कोणाकडून खाल्ला नव्हता. मी पर्समधल्या तसबिरीवर हात ठेवला. आत कुठेतरी फार शांत, फार भरल्यासारखं वाटत होतं. देवाकडे मागताना आपण आपल्याला ठाऊक असलेल्या वाटेनं मागतो, मोठी ओंजळ करून. त्याला द्यायचं असतं ते तो आधी आपल्या ओंजळीतलं काढून घेऊनच देतो, आणि आपण तेवढंही सोडत नाही. मी उपवास सोडला, पहिला नंबर सोडला, ते मोठ्या मनानं नव्हे, माझ्या हातून काढून घेतलं गेलं म्हणून. तरी त्यानं ते माझ्या नावावर मांडून घेतलं, ही त्याची कृपा.

डॉक्टर दमून निघून गेल्यावर आपा माझ्याकडे झुकल्या. त्यांचे डोळे पाणावले होते, आणि त्या हसत होत्या.

"मुबारक हो बहन," त्या म्हणाल्या, "आज पहली बार दोनों को बराबर की डाँट पड़ी."